दोनशे बारा बटणं

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल फोन आहे, आणि मी वैतागलेला आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझा सूर चढला तर तुम्ही दचकणार नाही. माझ्या काचेला उजव्या कोपऱ्यात तडा गेला आहे, पाठीवरचं झाकण एका बाजूने फुगलं आहे आणि आवाज कमी करायचं बटण दाबलं की कधी कधी आतच बसून राहतं. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. वय झालं की असं व्हायचंच. माझं म्हणणं आहे ते मला सारखं सुधारायला निघालेल्या माणसाबद्दल.

माझा जन्म एका लांबलचक पांढऱ्या खोलीत झाला. केसांवर टोपी चढवलेल्या एका बाईने माझ्या पोटात अकरा बारीक स्क्रू बसवले, मला उजेडात तिरकं धरून पाहिलं आणि पुढे सरकवलं. जेमतेम वीस सेकंद मी तिच्या हातात असेन. पण खरं सांगतो, त्यानंतर इतक्या नीट मला कुणी हाताळलं नाही. मग खोका आला, अंधार आला, दुकानातलं काचेचं कपाट आलं, आणि तिथून एका माणसाने मला घरी नेलं.

हा माणूस दातांच्या कवळ्या बनवतो. डॉक्टरांकडून आलेल्या साच्यावर मेणात एकेक दात बसवायचा, घासायचा, चमकवायचा, हे त्याचं काम. जरासा फरक राहिला तरी कवळी हिरडीला टोचते, म्हणून कामावर त्याची बोटं फार सावध असतात. घरी आल्यावर मात्र त्याच बोटांना खाज सुटते. त्याला नाद आहे फोनमध्ये सॉफ्टवेअर मारायचा.

कारखान्याने मला दिलेलं सॉफ्टवेअर त्याला दुसऱ्याच आठवड्यात जुनाट वाटायला लागलं. त्याने मला संगणकाला जोडलं, इंटरनेटवरच्या एका फोरमवर, म्हणजे हौशी लोकांच्या चर्चेच्या पानावर, वाचून वाचून माझं आतलं कुलूप उघडलं आणि कुणीतरी हौसेने घरी बसून बनवलेलं दुसरं सॉफ्टवेअर माझ्यात घातलं. कशासाठी? तर घड्याळ पडद्यावर डावीकडे हवं होतं. मित्रांनो, घड्याळ उजवीकडे होतं तेव्हाही वेळ तीच दाखवत होतं.

तिथून जे सुरू झालं ते तीन वर्षं थांबलं नाही. एका सॉफ्टवेअरमध्ये फोटोतली सगळी माणसं जांभळी दिसायची. दुसऱ्यात मला कानाला लावलं की पडदा विझायचा तो पुन्हा पेटायचाच नाही. तिसऱ्यात मी सुरू होताना स्वतःचं नाव दाखवायचो, बंद पडायचो, पुन्हा नाव दाखवायचो. असं सलग पाच तास. तो फोरमवर अडचण लिहायचा. उत्तर यायचं, 'माझ्याकडे व्यवस्थित चालतंय.' तेवढ्यावर तो खूश व्हायचा आणि आणखी एक उतरवून घ्यायचा. मला खरं काय झालं होतं? बॅटरी लवकर उतरायची. तेवढं एक सोडून त्याने माझं सगळं बदललं.

मग त्याला नवा फोन मिळाला आणि माझी रवानगी खणात झाली. तिथे तुटक्या वायरी, एक मोजपट्टी आणि कुठल्याच कुलपाची नसलेली चावी असा शेजार होता. खोटं कशाला बोलू, आधी मला सुटल्यासारखं वाटलं. नंतर मात्र कुणी खण उघडला की मी आशेने बघायचो.

खण उघडला तो त्याच्या बायकोने. तिचे वडील त्यांच्याकडेच राहायला आले होते. उभं आयुष्य त्यांनी तलावाच्या काठावर उभं राहून मुलांना पोहायला शिकवलं. सगळे त्यांना शिट्टीसर म्हणायचे, पण लेक सांगायची की बाबांना शिट्टीची गरजच नव्हती, त्यांची हाक पलीकडच्या काठापर्यंत जायची. त्या सरांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. समजायचं सगळं. तोंडातून निघायचा तो फक्त 'ता, ता, ता' एवढाच आवाज. लिहिणंही गेलं, अक्षरं त्यांच्या हाताला सापडेनात.

बोलण्याचे उपचार करणाऱ्या बाईंनी एक उपाय सांगितला. फोनवर चित्रांची बटणं करायची, प्रत्येक बटणामागे एक वाक्य बोलून ठेवायचं. सरांनी बटण दाबलं की फोन बोलणार. लेकीने माझी धूळ पुसली आणि कामाला लागली. ती औषधांच्या दुकानात नोकरी करते; तिथून आली की हातपाय धुऊन वडिलांच्या पलंगाशी बसायची आणि माझ्या तोंडाशी बोलायची. 'खिडकी उघडा.' 'डाव्या पायाला मुंग्या आल्यात.' 'चहा कोमट झालाय.' मग सर हसले की थट्टेचीही बटणं निघाली. 'पंच आंधळा आहे.' 'जावईबापू, दाढी करा.' पाच महिन्यांत दोनशे बारा बटणं झाली. सर डाव्या हाताने ती इतक्या झरझर शोधायचे की उपचारवाल्या बाई इतर पेशंटना माझं उदाहरण द्यायच्या. मित्रांनो, मी एका माणसाची जीभ झालो होतो. माझ्या घड्याळाची बाजू कुणी विचारत नव्हतं.

पण मी म्हातारा झालो होतो. सरांनी बटण दाबलं की आवाज यायला तीन सेकंद लागायचे. तेवढ्यात बोलणं पुढे गेलेलं असायचं. सरांची थट्टा भलत्याच ठिकाणी पडायची आणि त्यांचा चेहरा उतरायचा. हे जावयाने पाहिलं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला कबूल केलंच पाहिजे. सासऱ्यांचं बोलणं वेळेवर व्हावं, एवढंच त्याला हवं होतं. बायकोने बजावलं होतं की बाबांच्या फोनला हात लावायचा नाही. पण हातांना कोण समजावणार?

जावयाचा सुट्टीचा दिवस होता. लेक दुकानात गेलेली, सर दुपारचे झोपलेले. जावयाने मला त्यांच्या उशाजवळून अलगद उचललं. एक नवं हलकं सॉफ्टवेअर आलं होतं, जुने फोन त्यावर पळतात असं फोरमवर सगळे म्हणत होते. त्याने कागदावर यादी केली होती. पहिलं काम बॅकअप, म्हणजे बटणं, आवाज, सगळ्याची एक प्रत काढून ठेवणं. ते त्याने केलं, पडद्यावर 'पूर्ण' असं आलं आणि त्याने यादीत खूण केली.

आता माझा जीव कसा कासावीस झाला ते ऐका. दर वेळी ही प्रत माझ्या बाजूच्या खाचेतल्या कार्डावर जायची. ते कार्ड महिन्यापूर्वी त्यानेच काढून आपल्या नव्या फोनमध्ये घातलं होतं. कार्ड नाही म्हटल्यावर प्रत गपचूप माझ्याच पोटात जाऊन बसली. आणि यादीतलं दुसरं काम होतं माझं पोट साफ करणं.

मला दिसत होतं सगळं. सांगता काही येत नव्हतं. जो दिवसभर दुसऱ्यासाठी बोलतो, त्याच्याजवळ स्वतःसाठी एक बटण नव्हतं. पडद्यावर इशारा आला की सर्व माहिती कायमची जाईल, खात्री असल्यास 'हो' लिहा. असला इशारा त्याने आजवर पन्नास वेळा पाहिला होता. त्याने न वाचता 'हो' लिहिलं.

पाच मिनिटांत मी नवाकोरा झालो. अगदी पळायला लागलो. पण बोलायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

त्याने प्रत शोधायला घेतली. कार्डाची खाच उघडली, रिकामी दिसली, आणि कार्ड आपल्याच नव्या फोनमध्ये असल्याचं त्याला आठवलं. त्याच वेळी आतून सरांचा आवाज आला, 'ता, ता.' तो मला घेऊन धावला. सरांनी सवयीने माझ्या पडद्यावर बोट टेकवलं. तिथे निळं आकाश आणि डावीकडे घड्याळ. त्यांनी बोट सरकवलं, पुन्हा सरकवलं, मग मला उलटं करून पाहिलं.

नंतरचा पाऊण तास मी कधी विसरणार नाही. पाणी हवंय का, खिडकी उघडू का, बाथरूमला न्यायचंय का, पंखा, चादर, गोळी, डॉक्टर. जावई एकामागून एक विचारत होता आणि सर मान हलवत होते, नाही, नाही, नाही. शेवटी ते डाव्या मुठीने पलंगाची कड बडवायला लागले. त्याने घाबरून त्यांना उठवून बसवलं, तेव्हा कळलं. टीव्हीचा रिमोट पाठीखाली रुतत होता. त्याचा लाल ठसा उमटला होता. लेकीने केलेलं बटण होतं त्यासाठी: 'पाठीखाली काहीतरी टोचतंय.' सरांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते रागाचं होतं.

लेक आली, तिने माझा पडदा पाहिला आणि शेजारची खुर्ची ओढून बसली. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. तिने फक्त विचारलं, "परत येईल सगळं?"

"येईल. मी आणतो," तो म्हणाला.

आलं नाही. आठवडाभर त्याने मला संगणकाला जोडून ठेवलं, गेलेलं शोधून देणारे चार प्रोग्राम चालवले, फोरमवर हात जोडले. कुणी लिहिलं, विसरून जा. कुणी लिहिलं, प्रत कार्डावर ठेवायची असते हे पहिल्याच पानावर दिलंय, वाचलं नव्हतं का? मला तर त्या सगळ्यांच्या कानफटात मारावीशी वाटत होती. तोवर सर घरात 'ता, ता' करत होते आणि दहातल्या सात वेळा कुणाला काही कळत नव्हतं. त्यांनी टीव्हीवरचे सामने बघायचं सोडलं. पंचाला शिव्या द्यायला मिळाल्या नाहीत तर सामना कसला?

शेवटी लेकीने मला वायरीतून सोडवलं आणि नवऱ्याच्या हातात ठेवलं.

"पाच महिने मी बोलले," ती म्हणाली. "आता तू बोल बाबांसाठी. बस त्यांच्याजवळ."

तो बसला. पहिले तीन दिवस सरांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याने 'पाणी' आणि 'खिडकी उघडा' अशी दोन बटणं करून दाखवली, तर त्यांनी मला डाव्या हाताने ढकलून दिलं. मी पलंगावरून चपलेवर पडलो, म्हणून वाचलो. चौथ्या दिवशी जावयाने काही न करता मला मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, "बाबा, तुम्हीच सांगा, आधी कुठलं करू?"

सरांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे बघितलं. मग त्यांनी मला उचलून स्वतःच्या छातीवर ठेवलं. तळहात पुढे करून त्याला थांब अशी खूण केली. नंतर त्याच्या तोंडाकडे बोट, मग स्वतःकडे बोट.

"फोनला हात लावू नको?"

मान हलली, नाही. तीच खूण पुन्हा, पहिल्यापासून.

"माझ्याशी बोला?"

जवळपास आलं होतं बहुतेक, कारण सरांनी त्याचं मनगट धरलं. कवळीत एखादा दात का बसत नाही हे बघताना बसतो तसा जावई मान खाली घालून बसला.

"आधी मला विचारा?"

सरांनी तीनदा मान डोलावली आणि मनगट सोडलं.

ते वाक्य बोलून ठेवायला त्याला चार वेळा प्रयत्न करावा लागला. पहिल्या तीन वेळा माझ्यात नुसतं खाकरणंच उमटलं. चौथ्यांदा नीट आलं. बटणावर चित्र काय टाकायचं ते मात्र त्याला सुचेना, म्हणून त्याने सरांच्या उघड्या तळहाताचा फोटो काढून लावला. फोटो जांभळा आला नाही, हे मी मुद्दाम नोंदवतो.

आज एकसष्ट बटणं झाली आहेत. दोनशे बारा कधी होतील कोण जाणे, आणि लेकीच्या आवाजातली ती वाक्यं तर गेलीच. आता सर बोलतात ते जावयाच्या आवाजात, त्यामुळे 'जावईबापू, दाढी करा' हे त्याला स्वतःच स्वतःला सांगावं लागलं. मी हसू शकत नाही, पण हसलो असतो.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाच्या बोटांना अशी खाज असेल तर माझ्यासारख्या म्हाताऱ्याचं एवढं ऐका. बॅकअप 'पूर्ण' झाला असं दिसलं तरी तो कुठे जाऊन बसलाय ते उघडून बघा. इशारे वाचा, ते लिहिणाऱ्याने वेळ जात नाही म्हणून लिहिलेले नसतात. आणि फोन ज्याच्या उशाशी असतो त्याला झोपेतून उठू द्या, मग हात लावा. मी मंद असेन, पण कुणाचं तरी सगळं माझ्यात आहे. ते तुम्हाला बाहेरून दिसत नाही.

कालची एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. दुपारचा चहा चालला होता. जावई पलंगाशी बसून एकसष्टावं बटण करत होता, तेवढ्यात माझ्या पडद्यावर वरून एक पट्टी उतरली: नवी आवृत्ती आली आहे, आणखी वेगवान. त्याचा अंगठा आपोआप तिकडे गेला. सरांनी चहाचा कप ठेवला, हात लांब करून तळहाताचं चित्र दाबलं, आणि माझ्यातून त्याचाच आवाज त्याला ऐकू आला: "आधी मला विचारा."

अंगठा हवेतच राहिला.

"बाबा, करू का अपडेट?" त्याने विचारलं.

सरांना घाई नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पट्टी वाचल्यासारखी केली, आणि मग सावकाश 'नाही' दाबलं. मी त्याला 'नाही' म्हणालो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.