परसातून दारात

अंबूबाईनं पदर खोचला आणि न्हाणीघरामागं कुदळीचा पहिला घाव घातला. आवाजासरशी आक्का चहाचा कप घेऊन मागच्या दारात आल्या.

"काय उकरतीस गं सकाळी सकाळी?"

"गुलाब. परत दारात लावणार हाय."

आक्का म्हणजे तिच्या थोरल्या नणंद. बावीस वर्षांपूर्वी नवरा गेला तशा त्या माहेरी आल्या, त्या याच घरात राहिल्या. गेल्या वर्षी अंबूबाईचे यजमान बाबासो गेले आणि आठवड्याच्या आत आक्कांनी ही दोन गावठी झाडं दारातून उपटून इथं सावलीत आणून खुपसली. विधवेच्या दारात फुलं शोभत नाहीत म्हणे! अंबूबाईला तेव्हा रडण्यापुढं काही सुचत नव्हतं. रोज सकाळी ज्या झाडाचं फूल अंबाड्यात खोवायचं, त्याच्याकडं तिनं वर्षभर चोरून बघितलं. काल वर्षश्राद्ध झालं. बाबासोंसाठी सोसायचं तेवढं सोसून झालं होतं. लोकांसाठी सोसायची तिची तयारी नव्हती.

"गल्ली काय म्हणंल?"

"गल्लीनं वर्षात एक तांब्या पाणी तरी घातलं का ह्यास्नी?"

तिनं झाडांभोवती गोल उकरलं, मुळांची माती सुटू न देता ती ओल्या पोत्यात बांधली आणि एकेक झाड छातीशी धरून पुढं नेलं. आक्का मागोमाग बडबडत होत्याच. फाटकाशेजारी खड्डे तयार होते. झाडं बसवून, माती पायानं दाबून तिनं कात्री उचलली. फांद्या वीतभर ठेवून छाटायच्या, कळी-फूल काही ठेवायचं नाही, तरच झाड नव्या जागी मूळ धरतं. यंदा आलेली मोजून दोन फुलं तिच्या हातात आली.

"आण हिकडं. देवाला वाहू."

"देवाला जास्वंद हाय की रोजची."

समोरची स्वप्नाली गाडी पुसायची थांबून बघत होती. बघू दे! अंबूबाईनं डोक्यावरचा पदर मागं सारला आणि एक फूल अंबाड्यात खोवलं. केसांचा आकडा पहिल्या खेपेला बसला.

"लाज सोडलीस व्हय गं?"

"व्हय. सोडली." आणि तिनं दुसरं फूल आक्कांपुढं धरलं. "हे तुमचं."

आक्कांनी रागानं पाठ फिरवली. आता या दार आपटून आत जाणार आणि दोन दिवस बोलणार नाहीत, हे अंबूबाईनं धरूनच ठेवलं होतं.

पण आक्का जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी कप पायरीवर ठेवला. मग डोक्यावरचा पदर सावकाश खांद्यावर घेतला. पांढऱ्या केसांचा लिंबाएवढा अंबाडा उघडा पडला.

"आकडा हाय का अजून एक?" त्या मान न वळवता म्हणाल्या. "केस ऱ्हायलं न्हाईत. घट्ट बसव."