खोल्यांची वाटणी

सेनाद आणि गोरान एका ताटात जेवायचे, तेव्हा आम्ही त्यांची थट्टा करायचो. ते एका ताटात जेवेनासे झाले, तेव्हाही थट्टाच केली. आमची अक्कल तेवढीच.

दोघं युगोस्लाव्हियातल्या एकाच गावचे. आखातात, मुसफ्फातल्या आमच्या कारखान्यात वेल्डिंग तपासायचे. सेनाद मुसलमान आणि गोरान सर्ब, म्हणजे ख्रिस्ती, हे आम्हाला तीन वर्षं माहीतच नव्हतं. आमच्या लेखी दोघं गोरे, विषय संपला. मग ब्याण्णवच्या एप्रिलात तिकडे बोस्नियात लढाई पेटली आणि एक दिवस गोरानने मेसमध्ये डाळीचं पातेलं सेनादच्या अंगावर भिरकावलं. आमच्या इंग्रज मॅनेजरने दोघांच्या खोल्या वेगळ्या केल्या, शिफ्ट वेगळ्या केल्या. खलास! पुन्हा भांडण नाही. साहेब स्वतःवर जाम खूश होता.

"एवढे शिकले-सवरलेले, आणि भांडतात बघ कसे," जमाल म्हणायचा. "आपल्या खाडीत आणून बुडवायला हवेत दोघांना."

जमाल आणि मी दाभोळच्या खाडीवरचे. अलीकडच्या काठावर आमचं घर, पलीकडे त्यांचं. बोली एक, कालवणाची चव एक. कामगारांच्या कॅम्पमधल्या पत्र्याच्या एका खोलीत आम्ही दोघंच राहायचो. त्याच्यामुळेच मी इथे आलो, व्हिसा त्यानेच मिळवून दिला. शुक्रवारी सुट्टी, तेव्हा मासे तो करायचा. कारखान्यातल्या भंगार पट्टीचा एक कोयता त्याने स्वतः घासून बनवला होता. त्या कोयत्याला मला हात लावू द्यायचा नाही. "तू बोटं कापशील दत्त्या, आणि वहिनी मला बोलेल."

मग डिसेंबरात आपल्याकडे मशीद पाडली, आणि जानेवारीत मुंबई पेटली.

कॅम्पमध्ये टीव्ही एकच, मेसमध्ये. आधी बोस्नियाच्या बातम्या, मागून आपल्या. तिकडे जळकी घरं, इकडे जळकी घरं. आवाज बंद केला असता तर कुठलं कुठलं ते कळलं नसतं. बघता बघता जेवायला बसायच्या जागा बदलल्या. कुणी सांगितलं नाही, आपोआप. जमाल आणि मी तेवढे हट्टाने शेजारी बसायचो. पण बोलणं कमी झालं होतं, ते का नाकारू?

बुधवारी कॅम्पबॉस मधू दारात आला. केरळचा, माणूस चांगला. तोंड पाडून हिंदीत म्हणाला, "साहब का ऑर्डर है. युगोस्लाव लोगों का जैसा किया, वैसा आप लोगों का भी करेगा. हिंदू अलग, मुस्लिम अलग." एकत्र राहायचं असेल त्यांनी शनिवारी ऑफिसात जोडीने येऊन सही करायची. पुढे काही झालं तर जबाबदारी आमची.

"करू की सही," जमाल म्हणाला. "काय रे?"

"मग काय!" मी म्हणालो. तेव्हा मनापासूनच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी कामावर सेनादने आम्हाला बाजूला घेतलं. नऊ महिने त्याला आईची खबर नव्हती. त्याचं इंग्रजी मोडकं, आमचंही तसलंच, पण त्या दिवशी सगळं कळलं. "सुट्टीत घरी गेलो, की टीव्हीवर एक-एक पुढारी रोज सांगायचा, तुमचे लोक धोक्यात आहेत. आम्ही हसायचो. गोरानही हसायचा. वर्षभराने तो मला घाबरायला लागला. मला! मी त्याच्या पोरीला सायकल शिकवली." मग त्याने जमालचा आणि माझा हात धरला. "सही करा. वेगळे झालात की एकमेकांबद्दल वाटेल ते खरं वाटायला लागतं."

त्याच संध्याकाळी मी बायकोला, गिरिजाला फोन लावला. आमचं बिऱ्हाड मुंबईतच, शेजाऱ्यांकडे फोन. ती नुसती रडत होती. गल्लीत काय काय झालं, कोण कुठे पळालं, सांगता सांगता एकदम थांबली. मग दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, तुम्ही त्याच्याच खोलीत झोपता ना अजून?"

"अगं, जमाल आहे तो! वेड लागलंय का तुला?" मी तिच्यावर खेकसलो.

खेकसलो खरा, पण तिचं बोलणं डोक्यातून जाईना. खोलीत आलो तर जमाल पाठमोरा बसून पत्र वाचत होता. कुणाचं पत्र, विचारायचं धाडस झालं नाही. त्यानेही सांगितलं नाही. त्याची ती रुंद पाठ बघून मी दारातच थांबलो. अकरा वर्षांचा दोस्त! तो अंघोळीला गेला तेवढ्यात मी कोयता उचलला आणि माझ्या कपाटात, शर्टांच्या खाली दडवला. लाज वाटली. तरी दडवला.

शुक्रवारी त्याने सुरमई आणली आणि कोयता शोधू लागला. पलंगाखाली बघितलं, स्टोव्हमागे बघितलं. "आयला, गेला कुठे?" मी पेपरात तोंड खुपसून बसलो. हळद माझ्या कपाटात असायची, हे मी साफ विसरलो होतो. त्याने कपाट उघडलं, चाचपडलं आणि शर्टांतून कोयता बाहेर काढला.

मी काहीतरी पुटपुटलो, कॅम्पची झडती येणार म्हणे, तसलं काहीतरी. त्याने मान हलवली. मासे कापले, कालवण केलं, मला वाढलं. शेपटीचा तुकडा मला आवडतो, तो माझ्याच ताटात घातला. मी मुकाट्याने जेवलो. घास गिळताना त्याच्या हाताकडे बघत होतो, हे त्यालाही दिसत होतं.

शनिवारी ऑफिसात रांग होती. बहुतेक सगळे नव्या खोलीचा नंबर घ्यायला आलेले. जमाल आला. मला वाटलं होतं, येणार नाही. माझ्या मागे उभा राहिला आणि खिशातलं पेन काढून हातात धरलं. एवढं होऊनही तो सहीच करायला आला होता!

मधूने माझ्याकडे बघितलं. "दत्ताराम, साथ में?"

सेनादचं बोलणं आठवत होतं, गिरिजाचं रडणंही आठवत होतं. आणि खरं सांगू का, जमालचा नुसता श्वास मानेला लागत होता, त्यानेच मी गारठलो.

"अलग," मी म्हणालो.

मागे पेनाचं टोपण बंद झाल्याचा आवाज आला. बस, तेवढंच.

संध्याकाळी त्याची ट्रंक मीच दुसऱ्या टोकाने उचलली, एकट्याला झेपणारी नव्हती. बत्तीस नंबरच्या खोलीत दाराजवळचा पलंग त्याला मिळाला. ट्रंक ठेवली. तो म्हणाला, "जा दत्त्या. झोप आता निवांत." टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर बरं झालं असतं.

माझी नवी खोली नऊ नंबरची, आठ जणांची, सगळे आपलेच. स्टोअरमधला अरुण तिथला म्होरक्या. पुण्याकडचा, बोलायला गोड. त्याने स्वतः चहा करून दिला. "आता बिनघोर राहा," म्हणाला. "कुणाच्या बापाला भ्यायचं नाही." त्याने पलंगावर सरकून मला जागा केली, तेव्हा गादीखाली लोखंडी पाइपचे तुकडे दिसले. हातभर लांबीचे, टोकं घासलेली. सात-आठ तरी असतील.

"हे कशाला?"

"असावेत आपले." तो हसला. "तुझा तो जोडीदार कुठल्या खोलीत गेला रे?"

"बत्तीस," मी म्हणालो. "दाराजवळचा पलंग."

तोंडातून निघून गेलं. नुकताच तिथून आलो होतो ना. अरुणने मान डोलावली, कानामागची पेन्सिल काढली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कडेला बत्तीस लिहिलं.

"का रे? कशाला हवंय?" मी कप खाली ठेवला.

"सहज," तो म्हणाला. "चहा पी. आणि त्या बत्तीसच्या रांगेतल्या खोल्यांत बाकीचे कोण कोण आहेत?"

सातही जण माझ्याकडे बघत होते. मला सगळ्यांची नावं पाठ होती.