वर्गात सगळ्यांची वहिनी

लग्नामुळे सुटलेलं तिचं शिक्षण पुन्हा सुरू झालं ते दिराच्या निमित्ताने. धाकट्या दिराला कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीला प्रवेश मिळाला, तेव्हा सासूबाईच म्हणाल्या की तूही नाव घाल, त्याच्यावर लक्ष राहील. नवऱ्याने मान डोलावली. कारण काहीही असो, तिला कॉलेज मिळालं होतं. दिराने पहिल्याच दिवशी भर वर्गात हाक मारली आणि बघता बघता ती सगळ्यांची वहिनी झाली. लॅबमधला शिपाईसुद्धा "वहिनी, मशीन बंद करून जा" म्हणायचा.

दुसऱ्या वर्षी डिस्क्रीट मॅथ्स आलं आणि निम्म्या वर्गाची दाणादाण उडाली. यात आकडेमोड थोडी. एखादं विधान खरं की खोटं, आणि खरं असेल तर का, हे पायरीपायरीने सिद्ध करायचं. दीर प्रोग्रॅम लिहिण्यात तरबेज होता, पण सिद्धता समोर आली की पाठ करत सुटायचा. तिला मात्र या विषयाची गोडी लागली. इथे कुणी मोठं माणूस म्हणतंय म्हणून काही खरं ठरत नव्हतं.

संध्याकाळी भाजी चिरता चिरता ती त्याला शिकवायची. एकदा तिने विचारलं, "'या घरात सगळे उशिरा उठतात' हे खोटं पाडायचं तर काय दाखवाल, भावजी?"

"कुणीच उशिरा उठत नाही, असं."

"नाही. एक माणूस लवकर उठतो, एवढं दाखवलं की झालं."

त्याने जरा विचार केला आणि हसला. "मग तू एकटी पुरेशी आहेस."

परीक्षेत ती वर्गात दुसरी आली. दीर त्या एका विषयात आपटला आणि त्याचं वर्ष अडकलं.

घरात कुणी आवाज चढवला नाही. जेवताना सासूबाई एवढंच म्हणाल्या, की हातचं राखून शिकवलं की असंच व्हायचं. तिने दिराकडे पाहिलं. वहिनीने सगळं नीट समजावलं होतं, एवढं एक वाक्य तो बोलू शकला असता. तो ताटात बघत जेवत राहिला.

चार दिवसांनी नवऱ्याने विषय काढला. दीर मागे आणि वहिनी पुढच्या वर्गात, हे काही बरं दिसत नाही. तिने एक वर्ष घरी थांबून त्याचा विषय पक्का करून घ्यावा, मग दोघांनी तिसऱ्या वर्षाला एकदमच जावं.

"पण मी पास झालेय," ती म्हणाली.

"म्हणून तर तुला सांगतोय. तुझं काय, तू केव्हाही करशील."

"पुढच्या वर्षी मी नक्की जायचं ना?"

"शब्द देतो."

ती थांबली. विषय शिकवणाऱ्या बाईंचा फोन आला, तेव्हा घरी अडचण आहे म्हणाली. कसली, असं बाईंनी विचारल्यावर तिला सांगता येईना. वर्षभर तिने दिराला पुन्हा पहिल्यापासून शिकवलं, राग बाजूला ठेवून, आणि तो चांगल्या मार्कांनी पास झाला.

प्रवेशाच्या सुमारास सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. घरी कुणीतरी हवंच होतं, आणि ते कुणीतरी कोण हे विचारायचीही कुणाला गरज वाटली नाही. तिने नवऱ्याला आठवण करून दिली.

"शब्द दिला तेव्हा आईचा गुडघा ठीक होता," तो म्हणाला. चिडून नाही, अगदी समजुतीने.

मग ती एकटीच कॉलेजच्या कार्यालयात गेली. कारकून भला माणूस होता, त्याने बसायला खुर्ची दिली. एका वर्षाचा खंड चालतो, पण याही वर्षी नाव घातलं नाही तर पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात, असं त्याने सांगितलं. घरी येऊन तिने हे नवऱ्याच्या कानावर घातलं. तो "बघू" म्हणाला. मुदत उलटून गेली तरी तो बघतच होता.

थोड्या दिवसांनी दीर तिसऱ्या वर्षाचं पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात आला. सासूबाईंच्या गुडघ्याला शेकायचं पाणी गॅसवर होतं. त्याने पान उघडून ओट्यावर ठेवलं.

"वहिनी, हे जरा बघ ना. मागच्या सिद्धतांसारखंच आहे, पण डोक्यात शिरत नाहीये."

तिने वाचलं. पहिल्या चार ओळींतच तिला वाट दिसली. इतक्या महिन्यांनी असं काही समोर आलं होतं, की क्षणभर हात पेन्सिलीकडे गेलाही. मग तिने पुस्तक मिटलं आणि त्याच्याकडे सरकवलं.

"तुमच्या दादाला विचारा."

"दादाला यातलं काय कळतंय?"

"मग कॉलेजात विचारा. तुम्ही जाता ना तिथे."

तो तोंड पाडून निघून गेला. सासूबाईंपर्यंत गोष्ट पोहोचली आणि काही दिवस घरात तिच्याशी कामापुरतंच बोलणं झालं. दिराने मित्रांना विचारून पाहिलं, कुणाला वेळ नव्हता. शेवटी तो स्वतःच बसला. खोलीचं दार लावून, कागदांचे बोळे करत, चुकत, पुन्हा करत. ती चहाचा कप दाराशी ठेवून यायची, आत काही विचारायची नाही.

निकाल लागला. तो पास झाला होता, आणि तोही तिच्या मदतीशिवाय, पहिल्या झटक्यात. सगळे खूश झाले. तिनेही अभिनंदन केलं आणि पाणी प्यायच्या निमित्ताने आत आली. त्याला जमत होतं तर. एकट्याने बसला असता तर मागेही जमलं असतं.