लेव्हीच्या रांगेत साखरेचा डबा

मित्रांनो, जन्मानं मी तेलाचा डबा, कर्मानं साखरेचा. बिदरच्या बाजारात एका पत्रेवाल्यानं माझं तोंड कापून झाकण बसवलं आणि सरुबाईनं मला कमठाण्याला नेलं.

सरुबाई साखर कारखान्यात पोत्यांची तोंडं शिवायची. सव्वीस वर्षं शिवली. काही पोती 'लेव्ही'ची असत. ती साखर सरकार स्वस्तात उचलून रेशनला देई. तिथून दोन किलो माझ्यात यायची. आयाबाया म्हणत, "सरुबाईचा डबा कधी तळ दाखवत न्हाई." मी फुगून जायचो. पत्र्याला तेवढंच जमतं.

पुढं लेव्हीची साखर बंद झाली आणि सरुबाई रिटायर झाली. पगारातून कापलेले पैसे कामगारांच्या पेन्शन फंडात साठले होते, त्यातून तिला पेन्शन मिळू लागली. भाड्याची एक खोली आणि चहापाणी त्यात जेमतेम भागायचं. लेक संघपाल कलबुर्गीला बोलवायचा. ती म्हणायची, "माझी खोली हाय तवर मी कामून येऊ?"

गेल्या उन्हाळ्यात शेजारची गुरुबाई बातमी घेऊन आली. "सरकारनं आपल्या फंडावर लेव्ही लावलीया म्हणं."

"लेव्ही? मंग डबा न्यावा लागंल."

मला राखेनं घासून, उन्हात वाळवून तिनं फंडाच्या हापिसात नेलं. खिडकीमागं पंचाक्षरी कारकून बसला होता.

"अक्का, डबा कशापायी?"

"लेव्हीची साखर न्यायला."

रांग खदखदून हसली. पंचाक्षरी हसला नाही. "साखर न्हाई, अक्का. ही लेव्ही म्हंजे सरकार दरसाल फंडातून आपला वाटा काढून घेणार. फंड आटला की पेन्शन आटली. पुढच्या म्हैन्यापासून तुमचे साडेतीनशे कमी येतील."

हसणं थांबलं. तेव्हा मला दिसलं, रांगेतल्या निम्म्या लोकांनी आपापल्या रिकाम्या पिशव्या गुपचूप पाठीमागं सरकवल्या.

"माझ्या पेन्शनीवर टॅक्स लावलाय का?" सरुबाईनं विचारलं.

"छे. पेन्शनीला हात न्हाई लावला. फंडावर लावलाय. कागदात तसंच लिवलंय."

"व्हय," सरुबाई म्हणाली, "हीर उपसली, घागरीला हात न्हाई लावला."

मित्रांनो, मी खवट तेल पोटात घेतलंय. एकदा माझ्यात उंदीर मरून तीन दिवस पडला होता. पण भिंतीवर डकवलेल्या त्या कागदाइतकी शिसारी मला कशाचीच आली नाही. त्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं: 'सभासदांच्या हितासाठी.'

साडेतीनशेनं खोली गेली. दोन महिने भाडं ओढूनताणून दिलं, तिसऱ्या महिन्यात संघपाल येऊन आईला आणि मला कलबुर्गीला घेऊन गेला.

सून प्रेरणा गुणाची आहे. तिनं मला भंगारात घातलं नाही. मुंग्या लागतील म्हणून सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवलं. सरुबाईचा हात तिथं पोचत नाही. पोत्यापोत्यानं साखर शिवलेली बाई सुरुवातीला स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणायची, "पोरी, चिमूटभर साखर देतीस का गं?" प्रेरणा लगेच द्यायची. पण रोज मागायला नको म्हणून सरुबाई चहा आता बिनसाखरेचाच पिते आणि गोड सोसत नाही म्हणून सांगते.

मित्रांनो, मला घासू नका, रंगवू नका. फंडात हात घालणाऱ्यांपुढं माझ्यासारख्या पत्र्याचं काही चालत नाही. तुम्ही मात्र एवढं करा. घरात म्हातारं माणूस असेल, तर साखरेचा डबा खालच्या फळीवर ठेवा.