देवमनकाकांची चौऱ्याऐंशी पानं

सॉफ्टवेअर बनवायच्या आधी, काम नेमकं चालतं कसं, हे कोणीतरी लिहून घ्यावं लागतं. अमरावतीच्या एका कंपनीत त्यासाठी अकोल्याचा सुगत करारावर होता. करार शनिवारी संपत होता. नांदगाव पेठेतल्या कापड कारखान्याचा दस्तऐवज सही होऊन आला तर नवा करार, नाहीतर अकोल्याची एसटी, असं कंपनीतल्या अनुपमा मॅडमनी फार गोड आवाजात सांगितलं होतं.

कारखान्यातली सुताची कोठी सांभाळणारे देवमनकाका भला माणूस. तीन आठवडे चहा पाजून पाजून त्यांनी सगळं सांगितलं. आधी मागणीची चिठ्ठी, मग तिच्यावर सुपरवायझरची सही, मग वजन, मग सूत. सुगतने चौऱ्याऐंशी पानं केली. आकृत्या रंगवल्या.

शनिवारी तो सहीसाठी कोठीत बसलेला असताना एक कामगार आला, सुताचं पोतं खांद्यावर टाकून चालता झाला.

"काका, चिठ्ठी?"

"सांजीले. दिवसभराच्या साऱ्या एकदमच बनवतो."

"अन् सुपरवायझरची सही?"

"तेबी मीच मारतो. चिठ्ठीची वाट पायली तं माग बंद पडतीन ना बाप्पा!"

"मंग मले तीन हप्ते काय सांगतलं?"

"तू वही काढून बसला होता." काकांना प्रश्नच कळेना. "वही काढलेल्या माणसाले कोणी खरं सांगते काय? त्याले भिंतीवरचं सांगावं लागते."

सुगतने भिंतीकडे पाहिलं. त्याची चौऱ्याऐंशी पानं तिथल्या नियमांच्या बोर्डावर अकरा ओळींत मावली होती, आणि अक्षरही बरं होतं.

"खरं लिहू मंग?"

"लिही. दुसऱ्याची सही मारतो म्हणून मी घरी. लिवता लिवता तुई तारीख जाईन, तू बी घरी. जाऊ ना संगंच."

सुगतने दस्तऐवज पुढे सरकवला. काकांनी सही केली. झोकदार होती, रोजचा सराव.

चार महिन्यांनी सॉफ्टवेअर सुरू झालं, अगदी दस्तऐवजाबरहुकूम. सुपरवायझरचा पासवर्ड टाकल्याशिवाय चिठ्ठी निघत नाही, म्हणून तो पासवर्ड बोर्डावर बाराव्या ओळीत लिहिला गेला. संध्याकाळच्या चिठ्ठ्यांना काकांना पूर्वी एक तास लागायचा, आता तीन लागतात.

सुगतला नवा करार मिळाला, आणि पातूरची एक दाल मिल. तिथल्या मुनीमजींनी वही पाहताच शर्टाचं वरचं बटण लावलं. "आमच्या इथं कसं, सारं नियमानं चालते."

सुगतने भिंतीवरच्या बोर्डाचा फोटो काढला. पुढचे तीन आठवडे तो नुसता चहा प्यायला गेला.