व्याह्यांची पांढरी गाडी

व्याह्याची गाडी विकत घेऊ नये, असं माझी सासू म्हणायची. घोडा घ्यावा, त्याचे दात तरी उघडून बघता येतात.

पण आम्ही घोडी विकून बसलो होतो, आणि आमचे व्याही ओस्मोनकुल त्यांची पांढरी झिगुली विकायला काढणार होते. आमची गुलायिम त्यांची धाकटी सून. गाडी नीट तपासली तर अविश्वास दाखवल्यासारखं, आणि ते तिला जन्मभर ऐकावं लागणार. न तपासावी तर घोडीही गेली आणि हाती ठोकलेला पत्रा आला, असं व्हायचं.

माझ्या नवऱ्याकडे, तुर्दुबेककडे, जुन्या कर्ण्यातून काढलेलं लोहचुंबक होतं. रुमालात गुंडाळून तो ते गाड्यांच्या अंगावरून फिरवायचा. पोचा बुजवायला रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असली की ते धरत नाही. नारीनच्या बाजारात विकणारे त्याला बघून गाडीवर चादर टाकत. त्या दिवशी मात्र व्याह्यांच्या अंगणात तो चहावर चहा पीत बसला, आणि गाडीकडे असा बघत होता, जणू ती दुसऱ्याची बायको.

शेवटी मीच उठले. म्हटलं, गाडी घरी न्यायची तर आधी दृष्ट काढायला अर्चाच्या झाडाचा धूर फिरवायला हवा. याला कोण नाही म्हणणार? एका हातात धुमसती फांदी घेतली, दुसऱ्या हातात ओढणीच्या टोकाखाली तुर्दुबेकचं चुंबक. "अलास, अलास, इडापिडा जावो," म्हणत मी गाडीचं अंग कुरवाळत निघाले. पुढचं झाकण चांगलं. पुढचं दार चांगलं. मागच्या डाव्या दारावर हात लोण्यावरून घसरावा तसा घसरला. मी दचकून पाय उचलला, तोच चुंबक डिकीला घट्ट बसलं आणि ओढणी डोक्यावरून निघून तिथेच लोंबत राहिली.

गुलायिमने मान खाली घातली. व्याह्यांसमोर उघड्या डोक्याने मी उभी, हातात धूर.

ओस्मोनकुलने पेला खाली ठेवला. "विहीणबाई, आमच्या गाडीने तुमचा पदरच धरला की." मग तुर्दुबेककडे वळून म्हणाले, "व्याहीबुवा, कधी तपासता याची सकाळपासून वाट बघतोय. बायकोने गाडी गोठ्यावर घातली, हे मी आपल्या तोंडाने सांगितलं तर रात्री मला जेवायला कोण वाढणार?"

दारातून विहीण साबिरा शांतपणे म्हणाली, "गोठाच पुढे आला होता."

गुलायिम सगळ्यात आधी हसली. त्या दारापोटी आम्हाला एक गाभण मेंढी मिळाली, आणि गाडी पुढे बरीच वर्षं चालली. दार मात्र कायम वाऱ्याला वाजायचं.

त्यानंतर मी त्यांच्या घरी गेले की ओस्मोनकुल समोवार पुढे करायचे. "बघा हो विहीणबाई, आत लांबी आहे का." मीही हात फिरवून मान हलवायची. साबिरा म्हणायची, या दोघांना कुणीतरी धूर द्या.

अगदी शेवटी ते अंथरुणाला खिळले होते. मी उशी सारखी केली तेव्हा डोळे न उघडताच म्हणाले, "चुंबक आणलंय का? हल्ली पत्रा कमी आणि लांबीच जास्त."

मी त्यांच्या छातीवर हात ठेवला. "धरतंय अजून," म्हटलं.