बिनलाटांचा समुद्र

शैलेश थापाड्या नव्हता. पण जिभेला हाड नसलं की माणसाचं कसं हसं होतं, हे बघायचं असेल तर त्याच्यासारखा नमुना शोधून सापडायचा नाही.

समुद्रकाठच्या मुरबे गावातल्या रिद्धीचं स्थळ आलं, तेव्हा दोघं पालघरला एका हॉटेलात चहाला भेटली. रिद्धीने बसल्या बसल्या सांगून टाकलं, "पगार, शिक्षण, घर, सगळं जुळवून घेईन. खोटं मात्र चालणार नाही. आधीचा मुलगा विग घालून आला होता, पंख्याखाली बसला आणि कळलं." शैलेशने आपल्या डोक्यावरून हात फिरवून केस खरे असल्याची खात्री करून दिली. मग गप्पा गेमवर गेल्या. वादळात होडी हाकत बेटाबेटांवर फिरायचा एक गेम रिद्धी भावाच्या कॉम्प्युटरवर खेळायची. झालं! शैलेशला चेव आला.

"माझ्या लॅपटॉपवर फुल हाय सेटिंगला पळतो तो. ग्राफिक्स इनबिल्ट आहे ना! बाहेरून काही लावायलाच नको."

"इनबिल्ट? आणि फुल हाय?" रिद्धीने कप खाली ठेवला. "मग रविवारी मावशीला घेऊन येते घर बघायला. तेव्हा तेही बघू."

आता खरं सांगायचं तर तोवर त्याचा स्वतःचाही तसाच समज होता. इनबिल्ट कपाट साध्या कपाटापेक्षा महाग पडतं, म्हणजे ग्राफिक्सही तसंच असणार, एवढं साधं त्याचं गणित. दांडी गावात घरी येऊन त्याने गेम टाकला, तर होडी हलेचना. फोटोंचा अल्बम उलटावा तसं एकेक चित्र पुढे सरकायचं. दुसऱ्या दिवशी कारखान्यातली पहिली पाळी सुटल्यावर तो तडक बोईसरला दिपेशच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेला.

"अरे बाबा, यात वेगळं ग्राफिक्स कार्डच नाही," दिपेश म्हणाला. "एकच चिप सगळं काम करते आणि चित्रंही तीच काढते. रॅमही त्यातच वाटून घ्यायची. काम जास्त झालं की तापते, तापली की आपणहून हळू होते."

"मग कार्ड बसव."

"यात बसत नाही. कामापुरता घेतला होतास ना? काम कर की त्याच्यावर!"

इथे त्याने फोन करून रिद्धीला खरं सांगायला हवं होतं. कळेपर्यंत ती चूक होती, कळल्यावर गप्प बसला तिथे तिची थाप झाली. पण पोरगी मनात भरली होती, आणि विगवाल्याच्या पंगतीत बसायची त्याला लाज वाटत होती.

घरी त्याने बापाला, मासेमारीची बोट चालवणाऱ्या नामदेव तांडेलांना, सगळं सांगितलं. तांडेल जाळं विणता विणता ऐकत होते.

"म्हणजे एकाच इंजनावर बोट पण चालवायची नि जाळं पण ओढायचं. आमचं पण तसंच हाय. मंग जाळं ओढताना बाकीचा भार काढायचा, एवढंच."

शैलेशने भार काढला. सावल्या बंद केल्या, गवत कापलं, लांबचे डोंगर घालवले, चित्र बारीक केलं. तरी अडखळायचं. शेवटी त्याने लाटा बंद केल्या आणि होडी सुळकन निघाली! दहा मिनिटांनी मात्र लॅपटॉप तव्यासारखा तापला आणि पुन्हा रडगाणं सुरू झालं.

"तापतो ना? मंग बरफ लाव," आई हंसाबाई म्हणाली. पापलेट टिकवण्यात तिची हयात गेली होती. तिने थर्माकोलच्या पेटीत बर्फ भरला, वर परात पालथी घातली, तिच्यावर कोरडं फडकं अंथरलं आणि लॅपटॉप ठेवला. गंमत म्हणजे उपाय लागू पडला. दिपेशने पाहिलं असतं तर तो जागीच आडवा झाला असता.

रविवारी रिद्धी आली, बरोबर तिची जमनामावशी. पेटीवर जमिनीपर्यंत चादर सोडली होती. रिद्धी खेळायला बसली. होडी झकास निघाली. शैलेशचा जीव मुठीत, पण चेहऱ्यावर मोठा रुबाब. मांजर चादरीभोवती घिरट्या घालत होतं. पेटीला पापलेटचा वास होता, त्याला कोण काय करणार?

"छान पळतोय," रिद्धी म्हणाली. "फुल हाय ना?"

शैलेशने तोंड उघडलं, तेवढ्यात तांडेल कौतुकाने पुढे सरसावले. "पळणारच! सगळा भार काढलाय त्याने. लाटा पण बंद केल्यान."

तेवढ्यात मांजराने चादर ओढली, आणि पेटीच्या कडेतून बर्फाचं पाणी मावशीच्या पायापर्यंत वाहत आलं.

"लो आहे," शैलेश म्हणाला. "सगळं लो. इनबिल्ट म्हणजे काय ते मला तेव्हा माहीत नव्हतं. नंतर कळलं, तरी सांगितलं नाही. तू नाही म्हणशील याची भीती वाटली."

रिद्धीने स्क्रीनकडे बोट केलं. "इनबिल्टवर हा गेम हायवर चालत नाही, हे मला हॉटेलातच माहीत होतं. तू कधी सांगतोस ते बघायला आले होते. पण तू तांडेलाचा मुलगा ना रे? वादळात समुद्र फरशीसारखा सपाट ठेवलास, आणि मुरब्याच्या पोरीला कळणार नाही वाटलं?"

शैलेशने मान खाली घातली. संपलं, त्याला वाटलं. विगवाला निदान दिसायला तरी बरा असेल.

"लाटा चालू कर," रिद्धी म्हणाली.

"अगं, अडकेल. चालणारच नाही धड."

"अडकू दे. कर."

त्याने लाटा चालू केल्या. लॅपटॉपचा पंखा घरघरला. होडीने नाक उचललं, थांबली, आणखी बोटभर उचललं, पुन्हा थांबली. तांडेल जाळं बाजूला ठेवून जवळ येऊन बसले. हंसाबाईने आतून आणखी बर्फ आणला, आता चादरीआडून नव्हे, सगळ्यांच्या देखत पेटीत ओतला. रिद्धीने सरकून आपल्याशेजारी जागा केली आणि शैलेशला बस म्हणून खुणावलं.

मावशीने ओले पाय पुसले आणि वैतागून विचारलं, "अगो, मंग काय समजायचं आमी? हो का नाय?"

"हो गं मावशी," रिद्धी स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली. "पण थांब जरा, आमची होडी लाटेवर चढतेय."